'निसर्गाच्या कुशीत' पाच एकर

१

आमच्या स्टाफरूममध्ये दोन विषय कधीच संपत नाहीत. एक, वेतन आयोगाचा फरक. आणि दुसरा, तो कुठे गुंतवावा. या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर पूर्वी ठरलेले असे : शहरालगत प्लॉट, नाहीतर सोने. अलीकडच्या काही वर्षांत त्यात एका नव्या उत्तराची भर पडली आहे. आंबा घाटाच्या अलीकडे, गगनबावड्याच्या वाटेवर, पन्हाळ्याच्या मागच्या अंगाला किंवा दाजीपूरच्या आसपास पाच-सहा जणांनी मिळून चार-पाच एकर डोंगर घ्यायचा. त्यावर पंधरा-वीस तंबू ठोकायचे. शेकोटीसाठी एक गोल चौथरा आणि जेवणासाठी पत्र्याची शेड उभारायची. आणि शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईहून, बेळगाव-हुबळीहून येणाऱ्यांना ती जागा भाड्याने द्यायची. याला 'कॅम्पसाइट' म्हणतात. रिसॉर्टपेक्षा खर्च कमी, फार्म हाऊसपेक्षा उत्पन्न जास्त, आणि जमिनीचा भाव वाढेल तो वेगळाच, असा त्याचा हिशेब सांगितला जातो.

दोन वर्षांपूर्वी अशाच एका जागेचे माहितीपत्रक घेऊन एक ज्येष्ठ सहकारी माझ्याकडे आले. "मॅडम, तुम्ही मराठीच्या. मजकूर जरा छान करून द्या," म्हणाले. मी दिला. एका दुपारीत दिला, आणि खोटे कशाला सांगू, आनंदाने दिला. ज्या भाषेत आता कुणी वाढदिवसाची पत्रिकासुद्धा छापत नाही, त्या भाषेत कुणाला तरी व्यवसायासाठी मजकूर हवा आहे, याचेच अप्रूप वाटले. 'सह्याद्रीच्या कुशीत, जिथे डोंगर तुमच्याशी बोलतो' हे वाक्य माझे. 'वर्षानुवर्षे पडीक असलेल्या माळाला आम्ही नवे आयुष्य देत आहोत' हेही माझेच. त्याच सुमारास मलाही एक हिस्सा घेण्याचा आग्रह झाला. भविष्य निर्वाह निधीतून किती रक्कम काढता येईल याची चौकशी मी केली होती, हेही येथे नोंदवून ठेवते. पुढे जे लिहिणार आहे ते दुसऱ्यांकडे बोट दाखवून लिहिलेले नाही, एवढे वाचकांच्या ध्यानात यावे म्हणून.

त्यानंतरच्या वर्षी एम.ए.च्या वर्गात कृष्णात खोत यांच्या 'रिंगाण' या कादंबरीवर बोलत होते. विस्थापित झालेला देवाप्पा मागे राहिलेल्या, रानटी झालेल्या म्हशीसाठी उठलेल्या गावात परत जातो, हे त्या कादंबरीचे सूत्र मराठीच्या विद्यार्थ्यांना ठाऊक आहेच. २०२३ साली तिला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. तास संपल्यावर शाहूवाडी तालुक्यातल्या एका वाडीवरून येणारी विद्यार्थिनी थांबली. म्हणाली, "मॅडम, आमच्याकडं धरण नाही झालं. तंबू झाले. झऱ्याकडं जायची वाट त्यातूनच होती. आता आजीला गेटवर विचारून जावं लागतं." मग किंचित हसून पुढे म्हणाली, "गेटवर पाटी आहे. इथे डोंगर तुमच्याशी बोलतो."

तिला ते वाक्य कुणाचे आहे हे माहीत नव्हते. मी त्या वेळी सांगितले नाही.

२

प्रस्तुत लेखाचा विषय पर्यटन हा नाही, गुंतवणूक हाही नाही. या व्यवहारात आपली, म्हणजे मराठी साहित्य शिकणाऱ्या-शिकवणाऱ्यांची, भागीदारी किती आहे हा विषय आहे. आणि माझे म्हणणे असे की ती बरीच मोठी आहे.

असे कोणतेही माहितीपत्रक घ्या. 'निसर्गाच्या कुशीत', 'हिरवागार शालू पांघरलेले डोंगर', 'नयनरम्य', 'शहराच्या धकाधकीपासून दूर', 'पाखरांच्या किलबिलाटात जागी होणारी पहाट'. हे शब्द जाहिरात कंपन्यांनी तयार केलेले नाहीत. ते शाळेतल्या निबंधाच्या वहीतून आले आहेत, आणि त्या वहीत ते आम्ही लिहवून घेतले आहेत. सहलीचे वर्णन करा, पावसाळ्यातील एक दिवस, निसर्ग माझा सोबती. पन्नास वर्षे मराठीच्या शिक्षकांनी लाल शाईने 'छान' असा शेरा देऊन हा शब्दसाठा सांभाळला. आता तो नगावर विकला जात आहे.

या वाक्यांची घडण जरा तपासून पाहावी. त्यांत क्रियापदाचा कर्ता कोण असतो? डोंगर साद घालतो, वारा गुणगुणतो, धुके उतरते. माणूस कर्ता म्हणून कुठेच येत नाही. जो येतो तो 'तुम्ही' : पाहुणा, ग्राहक. गुरे चारणारा, नाचणी पेरणारी, मध काढणारा, मोळी आणणारी यांतले कुणी त्या वाक्यात उभे राहू शकत नाही, कारण तसे झाले तर ती जागा रिकामी उरत नाही. आणि रिकामी नसलेली जागा विकायला अवघड जाते. आधी भाषेत डोंगर मोकळा करून घेतला जातो. खरेदीखत मागाहून होते.

यावर कुणी म्हणेल, हा दोष मराठी साहित्यावर ढकलणे अन्याय्य आहे. मला ते मान्य आहे. गो. नी. दांडेकरांचा 'माचीवरला बुधा' मुंबई सोडून राजमाचीला परततो तो जागेचा भाव वाढेल म्हणून नव्हे. 'पवनाकाठचा धोंडी' या कादंबरीत पवनेचे खोरे हे निवाऱ्याचे, भाकरीचे आणि भांडणाचे ठिकाण आहे, देखावा नव्हे. दुर्गाबाई भागवतांनी 'ऋतुचक्र'मध्ये ऋतू पाहिले ते झाडाझाडाच्या आणि फुलाफुलाच्या नावानिशी. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'त माळ आणि माणूस वेगळे काढताच येत नाहीत. महात्मा फुल्यांनी तर १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिताना सरकारी जंगलखात्याने डोंगर आणि चराऊ राने कशी बंद केली हे स्पष्ट मांडून ठेवले आहे. तेव्हा साहित्याने माणूस वगळला असे म्हणता येणार नाही. वगळला तो शिकवण्याने. या पुस्तकांतून आम्ही उतारे काढले, उताऱ्यांतून वर्णने काढली, वर्णनांवर पाच गुणांचे प्रश्न काढले. 'लेखकाच्या निसर्गचित्रणाची वैशिष्ट्ये लिहा' या प्रश्नाच्या उत्तरात जमीन कुणाची होती हे लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला मी स्वतः कधी जादा गुण दिल्याचे आठवत नाही.

ज्या पवनेच्या काठचा धोंडी आम्ही शिकवला, त्याच पवना धरणाच्या काठी आज तंबूंच्या रांगा आहेत. त्या धरणाने उठवलेल्या माणसांच्या पुनर्वसनाचा प्रश्न मात्र दशकानुदशके रेंगाळला. तंबूत राहायला जाणाऱ्या आमच्या माजी विद्यार्थ्याला धोंडी आठवत नसेल तर दोष त्याचा किती आणि आमचा किती?

३

आता 'पडीक' या शब्दाकडे येऊ. माझ्या मजकुरातला सर्वांत बेजबाबदार शब्द तोच होता.

सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर ज्या जमिनीला वरकस म्हणतात ती दरवर्षी पिकवायची जमीन नव्हे. उतारावरची, उथळ मातीची ही जमीन दोन-तीन वर्षे नाचणी, वरी यांसाठी कसतात आणि मग काही वर्षे तशीच सोडून देतात. ती विश्रांती हा शेतीचाच भाग असतो. त्या काळात तिच्यावर गवत येते, गुरे चरतात, भाताच्या रोपांसाठी राब भाजायला लागणारा पालापाचोळा आणि फांद्या तिथूनच येतात. शहरातला माणूस त्या जमिनीवर जाऊन उभा राहतो, त्याला नांगराचे तास दिसत नाहीत, आणि तो म्हणतो : पडीक. झोपलेल्या माणसाला बेवारस म्हणण्यासारखेच हे आहे.

त्याहून वर, डोंगराच्या माथ्यावर जांभ्याचे सडे आहेत. आपल्याकडे मसाई पठार आहे, साताऱ्याकडे कास आहे. २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटातील ३९ स्थळांना जागतिक वारशात स्थान दिले, त्यांत महाराष्ट्रातील चार आहेत : कास पठार, कोयना अभयारण्य, चांदोली राष्ट्रीय उद्यान आणि आपले राधानगरी अभयारण्य. कासची फुले पाहायला आपण रांग लावतो. पण ती फुले तिथे येतात ती माती जवळजवळ नाही म्हणूनच. सड्यावर बोटभर माती, खाली खडक, पावसाळ्यात साचून राहणारे पाणी. कीटक खाऊन जगणारी दवबिंदूसारखी वनस्पती किंवा सीतेची आसवे ही निळी-जांभळी फुले अशाच दरिद्री जमिनीत तग धरतात. त्या सड्यावर जेसीबीने एक पट्टा सपाट केला, भराव टाकला, लॉन लावले, की तिथले सगळे संपते. शिवाय सड्याच्या भेगांतून मुरलेले पाणीच खालच्या वाडीच्या झऱ्याला येते. वरचा प्लॉट आणि खालचा झरा हे सात-बारावर दोन वेगवेगळे गट असतील. पाण्याला ते ठाऊक नसते.

कायद्याचे म्हणावे तर तोही या व्यवहाराला सरळ सोयीचा नाही. १९४८ च्या कुळकायद्याच्या कलम ६३ नुसार शेतकरी नसलेल्या व्यक्तीला शेतजमीन विकत घेता येत नाही. हे कलम कसणाऱ्याच्या हातची जमीन बिगरशेतकऱ्याच्या पैशाने जाऊ नये म्हणून आहे. प्रत्यक्षात काय होते हे प्रत्येक स्टाफरूमला माहीत आहे. कुणाच्या तरी आजोबांच्या सात-बारावर नाव असते. तो एक 'शेतकरी' पुढे होतो आणि बाकीचे पाच जण मागे राहून नोटरीच्या कागदावर आपापला हिस्सा लिहून घेतात. ज्याने उभ्या हयातीत विळा धरला नाही त्याच्या नावे जमीन चढते, आणि जी बाई तीस वर्षे तिथे गवत कापत होती तिचे नाव कुठल्याच रकान्यात नसते.

जमीन सामाईक असते, हा दुसरा भाग. एका गटावर पंचवीस-तीस नावे, त्यांतली निम्मी मुंबईला. गिरण्या बंद झाल्यानंतर तिकडेच कुठे वॉचमन, कुठे रिक्षा. एजंट आधी मुंबईच्या हिस्सेदाराला गाठतो. ज्याने वाडीला दहा वर्षांत पाऊल ठेवले नाही तो विसार घेऊन सही करतो. आणि मग वाडीवर राहणाऱ्याला सांगितले जाते की तुझ्या चुलत्याने विकलेच आहे, आता तू एकटा काय करणार? त्या विद्यार्थिनीच्या घरी हेच घडले. आजीची सही नंतर घेतली गेली. झऱ्याची वाट कागदावर आली नाही. वाट ही पायांनी पडलेली असते, नकाशावर ती नसते. धनगरवाड्यांची अवस्था याहून बिकट आहे. शाहूवाडी, पन्हाळा, राधानगरी तालुक्यांच्या डोंगरांवर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या अनेक कुटुंबांच्या नावावर राहत्या घराखालची जमीनसुद्धा नाही. त्यांना विकायला काही नाही, त्यामुळे त्यांना विचारायला कुणी जात नाही.

४

हे सारे नवीन आहे असे समजू नये. हवा खाण्यासाठी डोंगर घेण्याची पद्धत आपल्याकडे साहेबाने आणली. १८२९ साली मुंबईचा गव्हर्नर जॉन माल्कम याने साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांकडून महाबळेश्वर घेतले आणि बदल्यात खंडाळा हे गाव दिले. तहाच्या कागदावर डोंगर देणारा राजा होता, घेणारा गव्हर्नर होता. कोळी, धनगर, धावड यांचे त्या कागदावर काम नव्हते.

१९२१ साली मुळशी खोऱ्यातल्या मावळ्यांनी टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला. 'जान किंवा जमीन' ही त्यांची घोषणा. सेनापती बापटांचे नाव आपण त्यामुळेच घेतो. वीज मुंबईला हवी होती आणि जमीन मुळशीची जाणार होती. पंचाहत्तर वर्षांनी, १९९६ साली, राज्य शासनाने थंड हवेची नवी ठिकाणे वसवण्याचे धोरण आणले आणि त्याच मुळशीच्या परिसरात लवासा उभे राहू लागले. नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने तेथील काम थांबवण्याचा आदेश दिला. २०१८ साली प्रकरण दिवाळखोरीच्या न्यायाधिकरणात गेले. ज्यांनी तिथे दुसरे घर म्हणून पैसे गुंतवले ते मध्यमवर्गीय नोकरदार वर्षानुवर्षे ताब्याची वाट पाहत राहिले. खोऱ्याचे डोंगर मात्र कापून झाले होते.

तरी धडा घेतला गेला नाही. २०१९ साली शासनाने कोयनेच्या परिसरात 'नवीन महाबळेश्वर' वसवण्यासाठी रस्ते विकास महामंडळाची विशेष नियोजन प्राधिकरण म्हणून नेमणूक केली. पुढे त्याचा विस्तार सातारा, पाटण, जावळी तालुक्यांतील दोनशेहून अधिक गावांपर्यंत गेला. २०२४ साली महाबळेश्वर तालुक्यातल्या कांदाटी खोऱ्यातील झाडाणी गावची सहाशे एकरांहून अधिक जमीन काही मोजक्या लोकांनी घेतल्याचा आरोप गाजला. त्यांत एका वरिष्ठ सरकारी अधिकाऱ्याचा समावेश असल्याचे वृत्तपत्रांनी छापले. कमाल जमीनधारणेच्या कायद्याखाली चौकशी सुरू झाली, राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने दखल घेतली. आपण स्टाफरूममध्ये ती बातमी वाचली, हळहळलो, आणि चहा पिऊन पुन्हा पाच एकरांच्या हिशेबाला बसलो. लवासा आणि झाडाणी हे मोठ्यांचे उद्योग. आपले काय, चार तंबू, असे आपण स्वतःला समजावतो.

हे 'चार तंबू' फार फसवे आहेत. २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेप्रमाणे बांधकाम प्रकल्पाला पर्यावरणीय मंजुरी लागते ती वीस हजार चौरस मीटर बांधकामाच्या पुढे. तंबूंचा कॅम्प त्या मोजपट्टीत कधीच बसत नाही. लवासाला नोटीस तरी काढता आली. एकाच घाटरस्त्याच्या दोन्ही बाजूंना झालेल्या चाळीस कॅम्पना कोण काय काढणार? प्रत्येकाचा रस्ता वेगळा, प्रत्येकाची बोअर वेगळी, प्रत्येकाचा शोषखड्डा वेगळा, प्रत्येकाचा रात्रीचा दिवा आणि ध्वनिवर्धक वेगळा. आणि ज्या पट्ट्यात हे चालले आहे तो पट्टा कोणता? चांदोली आणि राधानगरी यांना जोडणारा. डिसेंबर २०२० मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने विशाळगड, पन्हाळगड, गगनबावडा, आजरा-भुदरगड आणि चंदगड या आपल्याच जिल्ह्यातल्या क्षेत्रांना संवर्धन राखीव म्हणून मान्यता दिली, ती गवे, बिबटे आणि क्वचित वाघ यांच्या येण्या-जाण्याचा मार्ग शाबूत राहावा म्हणून. राखीव क्षेत्र वनखात्याचे. पण गव्याला वनखात्याची हद्द आणि खासगी मालकी यांतला फरक कळत नाही. तो आपल्या जुन्या वाटेने कॅम्पात येतो आणि दुसऱ्या दिवशी बातमी होते की गवा वस्तीत शिरला.

५

मी मराठीची शिक्षिका. तरी या गुंतवणुकीचा हिशेब मांडून पाहिला. त्याला अर्थशास्त्र लागत नाही. वर्षाचे शनिवार बावन्न. गगनबावड्याचा पाऊस कोल्हापूर शहराच्या कित्येक पट. जून ते सप्टेंबर त्या पावसात तंबू टिकत नाही; सतरा-अठरा शनिवार गेले. एप्रिल-मे मध्ये कापडाच्या तंबूत दुपार काढता येत नाही आणि पाणी टँकरने आणावे लागते. परीक्षांचा मार्च रिकामा. हाती उरतात वीस-बावीस शनिवार, त्यांत नाताळ आणि एकतीस डिसेंबर हेच काय ते भरगच्च. त्यातून देखभाल, राखणदाराचा पगार, दर दोन-तीन वर्षांनी बदलावे लागणारे कापड, बुकिंग आणून देणाऱ्याचे कमिशन, हे वजा करा. सहा भागीदारांत जे उरेल त्याला बँकेच्या मुदत ठेवीची सर येईल की नाही याची शंका आहे.

मग हे शहाणे लोक, ज्यांत वाणिज्य शाखेचे प्राध्यापकही आहेत, असा व्यवहार का करतात? कारण कॅम्प हा धंदा नसतोच. ती जागा धरून ठेवण्याची युक्ती असते. खरा नफा जमिनीच्या भावात अपेक्षित असतो. महामार्गाचे चौपदरीकरण होईल, पन्हाळा जुलै २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेलाच आहे, पर्यटक वाढतील, आणि आज एकराने घेतलेले उद्या गुंठ्याने जाईल. म्हणजे आपण डोंगरावर प्रेम करतो म्हणून तो विकत घेत नाही; आणखी कुणीतरी आपल्याहून जास्त पैसे देऊन त्याच्यावर प्रेम करील या भरवशावर घेतो. त्या उतरंडीत शेवटी कोण उभा असेल याचा विचार करायचा नसतो.

आणि डोंगर हा प्लॉटसारखा स्वस्थ पडून राहत नाही. ३० जुलै २०१४ ला माळीण, जुलै २०२१ मध्ये तळीये आणि पाटण तालुक्यातील आंबेघर, १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडी. प्रत्येक ठिकाणची कारणे वेगळी असतील, अतिवृष्टी हे तर सर्वत्रच होते, आणि त्यांतले कोणतेही गाव कॅम्पमुळे गेले असे मी म्हणत नाही. पण तीव्र उताराचा पाया कापू नये, पाण्याच्या वाटा बुजवू नयेत, एवढे या दुर्घटनांनंतर शाळकरी मुलालाही समजले आहे. तरी गाडी थेट तंबूपर्यंत यावी म्हणून आपण उतारात रस्ता खोदतोच.

६

या भूमिकेवर एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो हलका नाही. "तुमचे पोट भरले आहे म्हणून तुम्हाला डोंगर तसाच हवा. तिथल्या पोरांनी काय नाचणी खाऊन मुंबईची गाडी धरायची? आम्ही चार जणांना काम देतो. आणि त्यांनाच विकायची आहे जमीन."

यात तथ्य आहे. डोंगरातल्या माणसाने गरीब राहून आपल्यासाठी देखावा सांभाळावा अशी अपेक्षा करणे हे माहितीपत्रकाच्या भाषेचेच दुसरे रूप होय. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०११ साली अहवाल दिला तेव्हा त्यात निर्णयाचा अधिकार ग्रामसभांकडे असावा यावर भर होता. त्या अहवालाला विरोध झाला तो स्थानिकांचे नाव घेऊनच. मग २०१३ साली कस्तुरीरंगन समितीचा सौम्य अहवाल आला. आणि २०१४ पासून जुलै २०२४ पर्यंत पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्राच्या अधिसूचनेचा मसुदा सहा वेळा काढला गेला. या दहा वर्षांत गावकऱ्याला सांगितले गेले की अधिसूचना झाली तर तुला तुझ्या घराची वीटही हलवता येणार नाही. आणि त्याच भीतीने त्याच्याकडून जमीन स्वस्तात काढून घेतली गेली. स्थानिकांच्या नावाने केलेल्या विरोधाचे फळ स्थानिकांच्या पदरात पडले नाही, एवढे तरी मान्य करायला हवे.

प्रश्न पर्यटन असावे की नसावे हा नाहीच. मालक कोण, हा आहे. २०२० साली राज्याने कृषी पर्यटनाचे धोरण आणले. शेतकऱ्याने स्वतःच्या जमिनीवर पाहुणे ठेवावेत, त्याला नोंदणी आणि सवलती मिळाव्यात, अशी त्यामागची कल्पना. म्हणजे वाडीवरच्या घराला पाहुण्यांसाठी दोन खोल्या काढता येतात, तिथली मुले वाटाडे होऊ शकतात, झुणका-भाकरीचे पैसे त्या घरात राहू शकतात. आपल्या सहा भागीदारांना खरोखर गुंतवणूक करायची असेल तर त्यांनी त्या घराला बिनतारण कर्ज द्यावे, जमीन भाडेपट्ट्याने घ्यावी, मालकी त्याच्याकडे राहू द्यावी. हे सुचवून पाहा. मी सुचवले. उत्तर आले, "मग आमचा काय फायदा?" या एका वाक्यात 'आम्ही काम देतो' या युक्तिवादाचा निकाल लागतो. चार जणांना काम दिले हे खरे. पण कालपर्यंत ती चारही माणसे त्या जमिनीची मालक होती. मालकाला राखणदार करणे याला रोजगारनिर्मिती म्हणत असतील तर तो शब्दही आपण तपासायला हवा.

'त्यांनाच विकायची आहे' याचेही तसेच. मुलीचे लग्न, दवाखाना, मुलाची फी या अडचणीत माणूस विकतो. विकण्याचा त्याचा हक्क मी नाकारत नाही. पण अडचणीतल्या माणसाची सही ही त्याची इच्छा असते असे ज्या वर्गाला वाटते, त्याने सावकारी पाशावरच्या ग्रामीण कथा वर्गात शिकवताना फार हळवे होऊ नये.

७

मी हिस्सा घेतला नाही. यात मोठेपणा काही नाही. त्या मुलीने ते वाक्य म्हणून दाखवले नसते तर कदाचित घेतलाही असता. गेल्या दिवाळीआधी तेच सहकारी दुसऱ्या जागेचे माहितीपत्रक घेऊन आले तेव्हा मी मजकूर द्यायला नकार दिला आणि पहिल्या पाटीवरचे माझे वाक्य काढावे अशी विनंती केली. त्यांना ते लागले. "एवढे काय आभाळ कोसळले?" म्हणाले. आता आमचे बोलणे नमस्कारापुरते आहे. पाटी अजून तिथेच आहे. वाक्य एकदा दिले की ते आपले राहत नाही, हे साहित्याच्या शिक्षिकेला कुणी निराळे सांगायला नको होते.

माझ्यासारख्या मराठीच्या प्राध्यापकांकडे, आणि उद्या प्राध्यापक होणाऱ्यांकडे, दोनच मागण्या आहेत. पहिली, असा मजकूर लिहून देऊ नका. कुणी म्हणेल, दुसरा लिहील. लिहू दे. दुसरी, निसर्गचित्रण शिकवताना त्या उताऱ्यातली जमीन कुणाची, ती कसत कोण होते, त्या गावाचे आज काय झाले, हे विचारा. दांडेकरांचे पवनेचे खोरे शिकवताना धरणाबद्दल बोला. 'रिंगाण' शिकवताना वर्गात बसलेल्या विस्थापितांना बोलू द्या; ते प्रत्येक वर्गात असतात, फक्त त्यांना कुणी विचारलेले नसते. शब्दांच्या बाबतीतही एवढे करता येईल : वरकस, सडा, राब, गायरान, पाणवठा हे शब्द विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकेत आले तर त्यांना 'ग्रामीण' म्हणून अधोरेखित न करता ते नेमके आहेत म्हणून गुण द्या. ज्या भाषेत जमिनीच्या प्रत्येक प्रकाराला नाव शिल्लक आहे त्या भाषेत 'पडीक' म्हणून सगळे एकत्र विकणे थोडे तरी अवघड जाईल, अशी माझी समजूत आहे. ती भाबडी असेलही.

त्या विद्यार्थिनीला मी नंतर सांगितले, ते वाक्य माझे होते म्हणून. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग तिने विचारले, "मॅडम, तुम्ही तिथं गेला होता का कधी?"

मी गेले नव्हते.